घड्याळ बघायला सडक अर्जुनीला

नाशिकहून रेल्वेत बसलो तेव्हा पिशवीत एक भिंग, एक व्हर्नियर कॅलिपर आणि माझी वही होती. पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिले महागडे स्पोर्ट्स वॉच घेणार होतो, पुढच्या संग्रहाची सुरुवात म्हणून. दोन वर्षे वाचन करून एकच नियम ठरवला होता: घड्याळ जुने चालेल, ओरखडे चालतील, पण त्याला कधीही पॉलिश झालेले नको. पॉलिशने धातू झिजतो, कडा गोल होतात, आणि गेलेली कड परत येत नाही. असे एक पोलादी, पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचे स्विस घड्याळ गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीला देवाजी रामटेके यांच्याकडे होते. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत कडा धारदार दिसत होत्या.

गोंदियाला सकाळी उतरलो. चहावाला हिंदीत बोलला, मी मराठीत, आणि दोघांचेही काही अडले नाही. तिथून एसटी. वाटेतले इकडचे गोरेगाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेते, त्यांत रचलेले पुंजणे (भाऱ्यांचे ढीग) आणि मधूनमधून बोड्या (शेतांमधली लहान तळी). मी बोड्या मोजू लागलो आणि त्या नादात सडक अर्जुनीच्या अलीकडे, कोहमाऱ्यालाच उतरलो. फोन केल्यावर रामटेके मोपेड घेऊन आले. सत्तरीकडे झुकलेले, सडपातळ गृहस्थ. आखातातल्या एका बंदरावर बावीस वर्षे क्रेन चालवून गावी परतलेले; घड्याळ तिथेच घेतलेले.

"बोड्या मोजत होते म्हनता? इकडचे तलाव मोजता मोजता सरकार थकलं जी," ते म्हणाले. "बसा मागं."

घरी बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्ची मिळाली. जयभीम झाला. त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी लाखोरीच्या डाळीचे गरम वडे पुढे ठेवले. रामटेक्यांनी मनगट दाखवले. आजारपणानंतर हात इतका बारीक झाला होता की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचे. दोन्ही मुलांनी सांगितले होते, वेळ मोबाइलवर दिसते. "पेटीत पडून मरू नये, कोनी तरी सांभाळावं," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मग त्यांनी रुमाल सोडला. घड्याळ आरशासारखे चमकत होते. मी भिंग लावले. कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या झाल्या होत्या. कॅलिपर पिशवीतच राहू दिला.

"काऊन (का) जी, चेहरा काऊन उतरला?"

"हे पॉलिश कधी केलं?"

"परवा. गोंदियाच्या सोनारानं पैंजण घासाच्या चाकावर घासून देलं. तुमी फोनवर तीनदा इचारलं, ओरखडे किती, कुठं, किती लांब. मी मोजून सतरा सांगतले. मंग वाटलं, पावना इतक्या दुरून येऊन राहिला, त्याले ओरखड्याचं घड्याळ कसं दाखवाचं?"

"मी म्हनलं होतं, राहू द्या," सुमनबाई म्हणाल्या. "पन आमचं कोन आयकते."

पॉलिशने काय गेले ते मी सरळ सांगितले. रामटेके घड्याळ उलटसुलट करून पाहत राहिले.

"म्हनजे इतकी वर्षं सांभाळलं अन् परवा खराब केलं. तं नका घेऊ. जेवून जा."

मी ओसरीवर जाऊन वही उघडली. नियमाप्रमाणे उत्तर 'नाही' होते. पण ओरखड्यांची चौकशी मी तीनदा केली होती आणि 'त्याला हात लावू नका' हे एकदाही म्हटले नव्हते. ते चाक माझ्याच प्रश्नांनी फिरवले होते.

आत येऊन म्हणालो, "घेतो. ठरलेल्या किमतीला."

"येडे झाले का? खराब मी केलं अन् पैसे तुमी भरान? कमी द्या."

"एक रुपया कमी देणार नाही."

असा उलटा भाव बराच वेळ चालला. शेवटी सुमनबाई उठल्या आणि चिन्नोर तांदळाचे पंधरा किलोंचे पोते माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "हे न्यान तं घड्याळ भेटन. नाई तं दोघंही बसा भांडत."

पोते पायाशी आणि घड्याळ हातावर घेऊन नाशिकला परतलो. तांदूळ शिजला तेव्हा वास जिन्यापर्यंत गेला, आणि बायकोने गोंदियाचा खर्च विचारायचे सोडून दिले. संग्रह करणाऱ्या एका मित्राने भिंगातून पाहून सांगितले की मी फार जास्त मोजले. किती जास्त, तो आकडा मी आधीच काढला होता आणि तो त्याच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला. वहीत पहिल्या ओळीला नोंद आहे: मूळ स्थितीत नाही. कारण: घेणाऱ्याने ओरखड्यांची फार चौकशी केली.

दर रविवारी रामटेक्यांचा फोन येतो.

"चालून राहिलं का जी?"

"चालतंय. दिवसाला चार सेकंद पुढे जातं."

"माझ्या हातावर बी जात होतं," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.