अण्णा दाबक्यांची हिरवळ

शुक्रवारी दुपारी पानं वाढून झाली की अण्णा दाबके स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे आणि मेसमधले आम्ही सगळे उभे राहायचो. श्लोक व्हायचा. मग अण्णा आणि दोन जुने मेंबर विटांवर ठेवलेल्या फळीशी मांडी घालून बसायचे, बाकीचे भिंतीकडेला. त्या फळीचं नाव ‘हाय टेबल’. तिच्यापुढे हिरवं कार्पेट, त्यावर फक्त ‘फेलों’नी पाय ठेवायचा. आखातात, मनामातल्या आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडाला अण्णा कॉलेज म्हणत. नवखे हसायचे. मी हसत नसे, कारण हे सगळं कुठून सुरू झालं ते मी पाहिलं होतं.

अण्णा रत्नागिरीचे, सित्र्याच्या कंपनीत आमचे हेड ड्राफ्ट्समन. मोठे साहेब हॅरिस. ते इंग्लंडातल्या एका फार जुन्या विद्यापीठात शिकले होते आणि ते कुणाला विसरू देत नसत. त्यांच्या बुदैयाच्या बंगल्यावर पार्टी होती. नवा सफारी घातलेल्या अण्णांनी लॉनवर पाऊल टाकलं, तोच साहेब ओरडले, “ऑफ द ग्रास, दाबके! माझ्या कॉलेजात फक्त फेलो हिरवळीवर चालतात.”

अण्णांना वाटलं, फेलो म्हणजे भला माणूस. ते हसून म्हणाले, “वुई आर ऑल्सो गुड फेलोज, सर!”

सगळी पार्टी खदखदून हसली. साहेबांच्या मडमेने ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. परतताना अण्णा एवढंच बोलले, “ह्याला मी सोडत नसतो.”

मग त्यांनी त्या विद्यापीठावरचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं. एका संध्याकाळी ते ओरडतच बाहेर आले. “अरे, विद्यापीठ नुसतं परीक्षा घेतं आणि पदवी देतं! राहणं, जेवण, बाग सगळं कॉलेजांचं. आणि फेलो म्हणजे कॉलेज चालवणारी, निवडून घेतलेली, हाय टेबलवर जेवणारी मंडळी. पण कॉलेजं निघायच्या आधी काय होतं? पोरं भाड्याच्या खोल्यांत राहायची, एका मास्तरच्या धाकात एकत्र जेवायची, गाववाल्यांशी मारामाऱ्या करायची. मेसच की ही!” दुसऱ्याच दिवशी त्यांनी सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, ते कार्पेट आणलं.

पुढे काही वर्षांनी मडम कायमची इंग्लंडला गेली. एकटे पडलेले हॅरिस आपण होऊन म्हणाले, तुमच्याकडची सुरमई खायचीय. अण्णा सकाळपासून रांधत होते. साहेब दाराशी बूट काढून थेट फळीकडे निघाले.

“ऑफ द ग्रास, मिस्टर हॅरिस. माझ्या कॉलेजात फक्त फेलो हिरवळीवर चालतात.”

साहेब गोंधळून मागे सरले. “फेलो व्हायला काय करावं लागतं?”

“मतं लागतात,” म्हणत अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. एकही हात वर गेला नाही. माझा तर मी मांडीखाली दाबून धरला होता, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. साहेबांना मांडी घालून बसता येईना. ते दाराशी उभ्यानेच जेवले. अण्णांनी आग्रह करकरून वाढलं.

निघताना साहेब मनापासून म्हणाले, “गमतीची पद्धत आहे. कुठून उचललीत?”

अण्णांचा चेहरा पडला.

अण्णा कायमचे गावी निघाले तेव्हा एअरपोर्टवर त्यांनी ते गुंडाळलेलं कार्पेट माझ्या हातात दिलं. “त्याला आठवतच नव्हतं रे. सूड अर्धाच झाला. आजपासून तू फेलो.”

अण्णा वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कार्पेट माझ्या पुण्याच्या घरात, जेवणाच्या खोलीत आहे. हॅरिस अजून असले तर नव्वदीचे असतील. आलेच कधी, तर पोटभर जेवायला घालीन. पण उभ्याने.