पाठमोरी खुर्ची

गाडी घरी आली तेव्हा मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मी अशीच आहे. रागावले की भांडत नाही, भांडी आपटते. तासगावात आमच्या गल्लीत सगळ्यांकडे त्याच दोन-तीन ओळखीच्या कंपन्यांच्या गाड्या. काही बिघडलं की कोपऱ्यावरचा मिस्त्री डोळे मिटून दुरुस्त करतो. आणि आमच्या ह्यांनी काय आणावं? एका द्राक्षबागायतदारानं सात वर्षं वापरलेली परदेशी गाडी! कंपनी पार युरोपाच्या वरच्या टोकाची, बर्फाच्या मुलखातली. आमच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं आणि हात मागं बांधून उभा राहिला. म्हणाला, "काकी, ह्याला हात लावायचं भ्या वाटतंय." पुढचा एक दिवा गेला, तर नवा पुण्याहून यायला तीन आठवडे लागले. गतिरोधक आला की हिचं पोट घासायचं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

पण हे फौजेत ट्रक चालवून आलेले. सगळी नोकरी डोंगरातल्या रस्त्यांवर गेली. दरीतून कुणाकुणाला वर काढलं ते त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "पट्टा असता तर निम्मी पोरं घरी आली असती." म्हणून त्या कंपनीवर त्यांचा जीव. दूधवाला येऊ दे नाहीतर पाहुणे येऊ देत, ह्यांची कथा सुरू. म्हणे आज जगातल्या सगळ्या गाड्यांत जो खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा पट्टा आहे, तो ह्याच कंपनीतल्या एका इंजिनिअरनं काढला. आधी तो विमानातल्या खुर्च्या बनवायचा. आणि कंपनीनं तो पट्टा स्वतःपुरता ठेवला नाही, बाकीच्यांना सांगितलं, तुम्हीही वापरा, माणसं जगू देत. कंपनीची माणसं म्हणे अपघात झाला की जागेवर जातात. कोण कुठं बसलं होतं, पट्टा होता का, कशावर आदळलं, सगळं विचारून लिहून घेतात. त्यातूनच पुढची गाडी शहाणी होते.

"मग त्यांनाच बोलवा की सत्यनारायणाला," मी म्हणायची.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. जावई फौजेत, तिकडं सरहद्दीवर. त्यांनी बाळाला फोनवरच बघितलेलं. तीन महिने झाले, बाळ-बाळंतिणीला रहिमतपूरला सासरी पोचवायचा दिवस ठरला. आणि आदल्या आठवड्यात हे पुण्याहून बाळासाठी एक खुर्ची घेऊन आले. गाडीत मागच्या सीटवर बसवायची, पट्ट्यांची. ती त्यांनी घट्ट बसवली, बाळाच्या जागी ज्वारीची पिशवी बांधली आणि गल्लीतून गचकन ब्रेक मारत चार चकरा मारल्या. पिशवी हलली नाही. बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरं, खुर्ची तर खुर्ची. पण तिचं तोंड मागं! म्हणजे गाडी पुढं चालणार आणि बाळ मागं बघत जाणार.

"अहो, पहिल्यांदा बापाच्या घरी निघालंय लेकरू. आणि घराकडं पाठ करून नेता? घराकडं पाठ करून माणूस घर सोडतो, घरात येत नाही."

"अगं, त्याचं डोकं जड आणि मान कवळी. तोंड पुढं असलं आन् ब्रेक लागला, तर डोकं पुढं फेकलं जातं. पाठ पुढं असली की सगळा धक्का पाठ खाती. अंतराळात जाणारी माणसं पाठीवर झोपून जात्यात, ती बघून काढलीया ही युक्ती."

"आपलं लेकरू रहिमतपूरला चाललंय, चंद्रावर नाही!"

लेक म्हणाली, "आई, पप्पा म्हणतात तसं करू." संपलं. माझ्या मनातलं मात्र तसंच राहिलं.

दुपारी जेवून निघालो. विटा गेलं, कडेगाव गेलं. उसाचा हंगाम, रस्त्यावर पाचट पडलेलं. मागच्या सीटवर एका बाजूला लेक, एका बाजूला खुर्चीत बाळ, मधे मी. पट्टा नसला की ही गाडी टँव टँव करत बसते, म्हणून मी पट्टा आधीच खुपसून ठेवायची आणि त्यावर पाठ टेकून बसायची. अर्ध्या जिल्ह्याला येते ही विद्या. हे पुढं बघून चालवत होते, त्यांना काय कळणार! बाळ जागं होतं, शांत होतं, मागच्या काचेतून आभाळ बघत होतं. लेकीनं डोळे मिटून डोकं टेकलेलं.

रहिमतपूर चार-पाच किलोमीटरवर आलं तसा माझा जीव राहिना. सासरच्या गावात शिरताना तरी पोराचं तोंड घराकडं असावं, एवढंच मनात. पाच मिनिटांचा तर प्रश्न! मी हळूच त्याचे पट्टे सोडले, उचललं आणि मांडीवर घेतलं, तोंड पुढं करून. म्हटलं, "बघ रे राजा, तुझं गाव."

तेवढ्यात उसाच्या शेतातून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर थेट रस्त्यावर चढला.

ह्यांनी ब्रेक मारला. मी पुढं फेकले गेले. हात घट्ट होते असं मी आजही शपथेवर सांगते, पण हातातलं लेकरू हातात राहिलं नाही. पुढच्या दोन सीटांच्या मधे जो टणक डबा असतो, त्याच्या कडेवर त्याचं डोकं लागलं. आवाज फार नव्हता. कवठ हातातून ओट्यावर पडावं तेवढाच. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

मी त्याला खेचून छातीशी धरलं. तो आधी गप्प, मग एकदम टाहो. ह्यांनी मागं वळून बघितलं. "बाळ? बाळ ठीक हाय?"

आणि मी म्हणाले, "ठीक आहे. रडायला लागलं म्हणून आत्ता काढून घेतलं."

कसं तोंडातून आलं मला माहीत नाही. विचार करून खोटं बोलायलासुद्धा वेळ लागतो, मला तेवढाही लागला नाही. लेक दचकून उठल्यासारखी झाली, "काय झालं गं?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, ब्रेक लागला." तिनं बाळाला पदराखाली घेतलं. ते प्यायलं आणि झोपलं. चला, देव पावला, मी मनात म्हटलं. कानावरच्या केसांतून मी बोट फिरवून बघितलं, काही लागलं नाही हाताला.

रहिमतपुरात विहीणबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्याच होत्या. बाळावरून ओवाळला, पायांवर पाणी घातलं. आणि हे, चहाचा कप हातात घेऊन, सगळ्या घराला सांगायला लागले. "ट्रॅक्टर आसा मधी घुसला! हातभर राहिलं बघा. पण लेकरू खुर्चीत बांधलेलं, जागचं हाललं न्हाई. ही कंपनीच तशी हाय!" विहीणबाईंनी खुर्चीला हात जोडले. ह्यांचा चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मी माझा कप तसाच खाली ठेवला.

तासाभरात बाळ ओकलं. मग पुन्हा ओकलं. डोळे उघडेना, उठवलं तरी अंग टाकून द्यायचं. विहीणबाई म्हणाल्या, "प्रवासाचा शीण आसंल. न्हाईतर दिष्ट लागली आसंल." मीठ-मोहऱ्या झाल्या. मी उजव्या कानावर पुन्हा बोट फिरवलं. तिथं आता मऊ लागत होतं, पिकलेल्या टोमॅटोसारखं.

"साताऱ्याला न्या," मी ओरडलेच. "आत्ताच्या आत्ता!"

पुन्हा तीच गाडी. आता बाळ खुर्चीत, पाठमोरं. विहीणबाई पुढं ह्यांच्या शेजारी. सातारा येईपर्यंत मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते. प्रत्येक श्वासाला मनात म्हणत होते, सांगते, सांगते. पण कुणाला सांगू? लेकीच्या सासूसमोर? आपल्या नातवाला मी डोक्यावर आपटलं म्हणून? आणि ह्यांचं काय? घटकाभरापूर्वी ज्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, त्यांचं तोंड कुठं ठेवू?

लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी टाळूवर हात ठेवला, डोळ्यांत बॅटरी मारली. कानावर त्यांचा हात गेला नाही, बाळ त्याच कुशीवर झोपलं होतं.

"पडलं होतं का कुठं? डोक्याला काही लागलं?"

हे लगेच म्हणाले, "न्हाई साहेब. ब्रेक जोरात लागला, पण खुर्चीत होतं. पाचही पट्टे मी स्वतः लावले होते."

"तोंड मागं असलेली खुर्ची?"

"व्हय."

"मग उत्तम केलंत. असं कुणी करत नाही आपल्याकडं." डॉक्टरांनी मान हलवली. "मग डोक्याचा प्रश्न नसावा. दूध चढलं असेल, प्रवासानंही होतं. एवढ्या लहान पोराचं स्कॅन उगाच नको. औषध देतो, घरी न्या. उद्या सकाळी दाखवा."

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. विहीणबाईंनी पिशवी उचलली. लेक खाली मान घालून बाळाकडं बघत होती. हे हात जोडून उभे. पेन कागदावर चालत होतं आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ते थांबलं की आम्ही उठणार, रहिमतपूरला जाणार, आणि सकाळपर्यंत... पुढचं मनात येईना.

"माझ्या हातात होतं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं.

"खुर्चीत नव्हतं. मी काढून घेतलं होतं. ब्रेक लागला तेव्हा माझ्या हातून सुटलं. मधल्या डब्यावर आदळलं. उजवा कान, कानाच्या वर. मी खोटं बोलले. सगळ्यांशी."

डॉक्टर रागावले नाहीत. उठले, बाळाला वळवलं, कानावर बोट ठेवलं आणि दाराबाहेरच्या सिस्टरला हाक मारली. मग विचारत गेले, किती वाजता, किती उंचीवरून, लगेच रडलं का, किती वेळ गप्प होतं. मी सगळं सांगितलं. ते बाळाला घेऊन आत गेले, लेक त्यांच्या मागं धावली.

खोलीत आम्ही तिघं उरलो. ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं ओरडावं त्यांनी, चार शिव्या घालाव्यात. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी नाही ते मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या.

विहीणबाई म्हणाल्या, "पर का वो काढलंसा त्याला?"

"घराकडं पाठ करून येत होतं. गावात शिरताना तोंड घराकडं असावं म्हणून."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "आवं, पाठ करून आलं आसतं तर मी काय दारातनं परत लावलं आसतं व्हय?"

पदर तोंडात कोंबून मी रडले.

कवटीला केसासारखी चीर गेली होती आणि आत थोडं रक्त साचलं होतं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर सांगता आलं नसतं. ऑपरेशन लागलं नाही. दोन दिवस काचेच्या खोलीत, हाताला सुई, दर थोड्या वेळानं डोळ्यांत बॅटरी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले, सुईच्या हातानं लेकीचं मंगळसूत्र धरलं आणि भुकेनं रडायला लागला. सिस्टर हसली. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. ह्यांनी आल्यापासून पहिल्यांदा माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

विहीणबाई आणि हे जेवायला गेले, तेव्हा लेक बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. मी तिचे हात धरले. म्हटलं, "मला माफ कर गं. तू झोपली होतीस, तुला कळलंसुद्धा नाही मी काय केलं ते."

"मी जागी होते, आई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू पट्टे सोडलेस तेव्हापासून जागी होते. आदळलेलंही बघितलं. गाडीत बघितलं, घरी बघितलं, डॉक्टर विचारत होते तेव्हाही मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस? तुझं लेकरू ना ते!"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "लग्नाच्या दिवशी तूच कानात सांगितलंस ना? माहेरचं उणं सासरी काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासूबाई समोर होत्या. डॉक्टर लिहीत होते, मी मनात आकडे म्हणत होते. आई शंभरपर्यंत बोलेल, शंभरपर्यंत बोलेल. तू बोललीस तेव्हा मी नव्वदच्या पुढं गेले होते."

"आणि मी बोललेच नसते तर? शंभर झाल्यावर?"

तिनं काचेतून बाळाकडं बघितलं. मग म्हणाली, "मला नाही माहीत, आई."