सुभाषच्या गाडीचं अर्धं शिवलेलं छत

भूत, भानामती, करणी... असलं काही कुणी माझ्यापुढे काढलं की मी त्याला आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगायची. निपाणीत सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली माझी. जे काचपट्टीवर दिसत नाही त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगायची. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी ना नाही. मीही हसले असते.

माझा धाकटा भाऊ सुभाष. बेळगावात वडगावला आमचं विणकराचं घर. वडिलांचा हातमाग होता, पुढे सुभाषनं पॉवरलूम टाकले. साड्या विणणारा माणूस, पण वेड कसलं? तर स्पोर्ट्स कारचं! गोव्यात पूर्वी एक छोटी, दोन सीटची, कापडी छताची गाडी बनायची — जाणकारांना नाव सांगायला नको. तसली एक लाल, सेकंडहँड, हा घेऊन आला. अख्खी गल्ली फिदीफिदी हसली. "साड्या काय डोक्यावर घेऊन जाणार काय रं?" असं मीच विचारलं होतं.

पण गाडी ठेवावी तर त्यानंच. दोस्त मागे लागायचे — रुंद टायर बसव, आवाजाचा सायलेन्सर लाव, रंग बदल... हा पठ्ठ्या ढिम्म. गिअरची मूठसुद्धा बदलू दिली नाही. मी चिडवलं तर म्हणाला, "आक्का, अर्धी साडी मी विणली आन् अर्धी दुसऱ्यानं, तर कळतंय का न्हाय? हात बदलला की दिसतंय गं. ज्यानं केलीय त्यानं जशी केलीय, तशीच ऱ्हाऊ दे."

रविवारी रेखाला, म्हणजे माझ्या भावजयीला, शेजारी बसवून काकतीच्या पुढे हायवेवर चक्कर मारायचा. रेखा पदर दातात धरून बसायची आणि हसायची... तसं हसताना मी तिला नंतर कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुभाष गेला. हार्ट अटॅक. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत माणूस नव्हता. असं मरण कुणाच्या घरी येऊ नये हो.

माग विकले. सूत, रेशीम, दोऱ्याच्या कांड्या, सगळं त्याच गिऱ्हाइकाला गेलं. रिकाम्या शेडमध्ये उरली ती गाडी. त्यात छताचं काळं कापड जुनं होऊन मागच्या बाजूला हातभर फाटलं, आणि शेडचा पत्रा गळायचा तो नेमका तिथंच. पाणी थेट रेखाच्या सीटवर. रेखा रोज जाऊन ती सीट पुसायची. बस्स, तेवढंच तिचं जग उरलं. देऊळ नाही, हळदीकुंकू नाही, कुणाचं लग्न नाही.

सुभाषची मुलगी, माझी भाची अश्विनी, बेंगळुरूला नोकरीला. पोरगी वाईट नाही, आईसाठीच तिचा जीव तुटत होता. म्हणाली, "आत्या, कडक छत बसवू, नवं इंजिन टाकू, एसी लावू. मग मी आईला फिरवीन. त्या शेडमध्ये बसून बसून ती संपून जाईल गं." मला पटलं. रेखाला नाही. "त्येनी हुते तवर एक नट बदलला न्हाय, आता मी बदलू व्हय?" एवढंच बोलली. शेवटी मीच मध्ये पडले आणि ठरवलं — दसरा होऊ दे, मग गाडी गॅरेजला. रेखा मान हलवून आत निघून गेली.

दसऱ्याआधी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, माझ्याकडे निपाणीत. अश्विनी रजा काढून आली होती. निघताना तिनं गॅरेजवाल्यासाठी त्या फाटक्या छताचे फोटो काढले, माझ्यासमोर. ते फोटो आजही माझ्या फोनमध्ये आहेत. मग शेडला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. ऑपरेशन झालं, अश्विनी परत बेंगळुरूला गेली, रेखा माझ्याकडेच राहिली.

खंडेनवमीला विणकराच्या घरात मागाची पूजा असते. माग नाहीत तर निदान गाडीची तरी करू, म्हणून रेखानं हट्टच धरला. आम्ही दोघी वडगावला आलो. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा, डोळ्यांतून पाणी... सुईत दोरा ओवणं लांबच. भर दुपार. कुलूप जसंच्या तसं. मी ते काढलं, पूजेचं ताट घेऊन गाडीच्या मागे गेले, आणि ताट खाली ठेवलं.

छत शिवलेलं होतं.

म्हणजे अर्धं. फाटलेल्या भागाच्या एका टोकापासून मध्यापर्यंत. वांगी रंगाच्या रेशमी धाग्यानं, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. मागावर तुटलेला धागा जोडताना विणकर मारतात ना, तसली बारीक, चपटी. पुढचं तसंच उघडं. धागा लोंबत होता.

"रेखा... कोण आलं होतं गं इथं?" मी विचारलं.

ती चाचपडत आली. त्या गाठींवरून बोटं फिरवायला लागली, एकीवरून दुसरीवर. सुभाषच्या गाठीची एक शेंडी, म्हणजे धाग्याचं टोक, कायम लांब राहायची, त्यावरून वडिलांनी त्याला किती शिव्या घातल्या असतील! या प्रत्येक गाठीची एक शेंडी लांब होती. रेखा पुटपुटली, "त्येंचीच हाय, आक्का. त्येंचीच हाय..." मीही रडले. पूजा राहूनच गेली.

पण मी लॅबवाली, स्वस्थ बसते होय? शेजारीपाजारी विचारलं. माग नेलेल्या माणसाला विचारलं. खिडकीचे गज हलवून बघितले. अश्विनी तर फोनवर वकिलासारखी भांडली, "आत्या, बाबा काळ्या छताला वांगी धागा लावतील? शक्यच नाही!" तिचं खरं होतं. मला ते आजही खटकतं. रेखा मात्र शांतपणे म्हणाली, "घरात दोरा ठेवलाय कुठं आपण? गवसलं त्यानं शिवलं असंल."

गॅरेज रद्द झालं. अश्विनीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

खरं सांगू? मला त्या छताची भीती वाटत नाही. मला रेखाकडे बघवत नाही. सकाळी तोंडसुद्धा न धुता ती आधी शेडमध्ये जाते, शिवण पुढे सरकली का बघायला. सरकलेली नाही. एक टाकासुद्धा नाही. या पावसाळ्यात उरलेल्या फटीतून पाणी गळून गळून सीट सडली, आतली स्प्रिंग वर आली.

डोळे आता चांगले आहेत तिचे. विणकराचीच लेक ती, असल्या गाठी झोपेत मारेल. शेवटी न राहवून मी म्हटलं, "अगं, धागा मी आणून देते. उरलेलं तू शिव की. गाडी तरी वाचंल."

ती म्हणाली, "मला येतंय की, आक्का. पन मी पुरं केलं तर त्येनी परत कशाला येतील?"