पानाची उजवी बाजू

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड दारातून आत पडलं तेव्हा मी चष्मा पुसत होतो. माझ्या वयाच्या माणसाला असं कार्ड उलटून पाहायला थोडा धीर लागतो. नाव कुणाचंही निघू शकतं. नाव सिद्रामप्पाचं निघालं. तामलवाडीहून त्याच्या थोरल्या मुलानं चार ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचल्यावर मनात जे पहिल्यांदा आलं ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. मनात आलं, इथंही हाच माझ्या आधी गेला…

गेल्या महिनाभरात त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर लिहिलं, सभा घेतल्या. त्यात काही खोटं नाही. फक्त त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट माझ्यापाशी आहे, आणि ती सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

निजामाचं राज्य होतं, तिकडे जर्मनीची लढाई सुरू झाली होती. कळंबच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे आजच्या भाषेत मिडल स्कूलमध्ये, आम्ही दोघं मुदर्रिस, म्हणजे शिक्षक, होतो. सगळं शिकवणं उर्दूतून. घरी मराठी बोलणारी पोरं भूगोल, गणित, विज्ञान उर्दूत घोकायची आणि परीक्षेत जसंच्या तसं ओकायची. माझं उर्दू चांगलं होतं. वडिलांनी लहानपणीच मौलवींकडे बसवलं होतं. सदर मुदर्रिससाहेब, म्हणजे हेडमास्तर, वरिष्ठांना कागद पाठवायचा झाला की मलाच बोलवायचे. सिद्रामप्पा तामलवाडीचा. घरी कानडी आणि मराठी, त्यामुळं त्याचं उर्दू कायम लंगडं. पण वर्गात तो उभा राहिला की पोरं पुढं सरकून बसायची. मी उभा राहिलो की ताठ बसायची. हा फरक मला पहिल्या महिन्यातच कळला होता.

आम्ही दोघंही मॅट्रिक झालेले. इंटरसाठी हैदराबादेस कॉलेजात जायचं, ही कल्पना माझी होती; मीच ती त्याच्या डोक्यात घातली. नोकरीवर हक्क राखून लांब मुदतीची रुख्सत घ्यायची, म्हणजे रजा, आणि परत यायचं. शाळेतून एका वेळी एकालाच सोडता येईल, असं सदरसाहेबांनी सांगितलं. सिद्रामप्पा म्हणाला, “नाना, तू जा आधी. तुझं डोकं पुस्तकाचं हाय. मी थांबतो की.” मी म्हणालो, बघू. घरी आई होती, नवं लग्न होतं, आणि बत्तिसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसायची लाज होती. आईची सबब सांगून मी लाज झाकली. आठ दिवसांनी त्यानं माझ्याकडूनच रजेच्या अर्जाची त्याची दरखास्त लिहून घेतली. मी ती सुरेख अक्षरात, एकही चूक न करता लिहिली. मी स्वतःसाठी लिहिलेली दरखास्त तेव्हा कोटाच्या खिशात होती. ती तिथंच चुरगळली. म्हणजे माझी जागा कुणी हिसकावली नव्हती. पण हेवा न्यायनिवाडा करून येत नाही. मनातून मी कायम असंच धरून चाललो, की तो माझ्या जागेवर गेला.

जाताना तो वर्गाला म्हणाला, “मी शिकाया चाललोय. जे शिकंन ते तुमास्नी धाडत जाईन. अर्धं मी लिहीन, अर्धं तुमी लिवायचं.” मला वाटलं, बोलला. पण तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. लढाईमुळं कागद मिळत नव्हता. त्यानं एक मोठं पान उभं दुमडलं होतं. डाव्या बाजूला पाठ, आणि उजवी बाजू कोरी. पाठ मराठीत. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम का येतो, हे त्या आठवड्यात तो शिकला होता. ते त्यानं कळंबच्या बाजारातल्या माठांवर बेतून सांगितलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘आता तुम्ही घरी काय पाहिलं ते उजवीकडे लिहा, आणि पान परत धाडा.’ परत आलेली उत्तरं तो वाचायचा आणि पान जपून ठेवायचा. पाठांना नंबर असायचा. पहिला, दुसरा, तिसरा…

वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्याचा वर्गही मलाच दिला होता. येडशी स्टेशनावरून डाक यायच्या दिवशी पोरं सकाळपासून माझ्या तोंडाकडं बघायची. “गुरुजी, पाकीट आलं का हो?” आलं नसलं की सगळा वर्ग एकदम मऊ पडायचा, आणि मग मी जे शिकवायचो ते भिंतीला शिकवल्यासारखं व्हायचं. मारुती म्हणून एक धनगराचा मुलगा होता, वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तोंडाळ. एकदा पाठ वाचून संपवला तसा तो म्हणाला, “गुरुजी, वाचताव तुमी, पर आवाज सिद्रामप्पा गुरुजींचाच येतोय बगा.” पोरं हसली. मीही हसलो. त्या हसण्यानं माझे गाल दुखल्याचं अजून आठवतं.

कॉलेजात त्याला सगळे ‘चचा’ म्हणत. ते त्यानंच पोरांना कळवलं होतं. मास्तर वर्गात आले की हा आपला सवयीनं उठून फळा पुसायला जायचा, तेव्हा सगळी कॉलेजची पोरं टेबलं बडवायची, हेही कळवलं. मला वाटायचं, असं स्वतःचं हसं कुणी करून घेतं का? आणि पोरं त्याच्यावर आणखीच जीव टाकत होती. अकराव्या पाठानं तर कमाल केली. त्याला बीजगणिताच्या परीक्षेत भोपळा मिळाला होता. ते चुकलेलं गणित त्यानं जसंच्या तसं उतरवून पाठवलं आणि लिहिलं, ‘माझं कुठं चुकलं ते शोधा. मला सापडत नाही.’ दोन दिवस वर्ग पाटीवर वाकून बसला होता. तिसऱ्या दिवशी मारुती बाकावर चढून ओरडला, “घावलं! गुरुजी, घावलं! उणेचं अधिक क्येलंय त्येनी!” मी ते पहिल्या नजरेतच पाहिलं होतं. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या फळ्यावर मी पंधरा वर्षांत एक चूक होऊ दिली नव्हती. आणि इथं हा माणूस आपली चूक डाकेनं पाठवून वर्ग जिंकत होता.

बारावं पाकीट मी टपालवाल्याच्या हातून रस्त्यातच घेतलं. शाळेत नेलं नाही. घरी आणून उघडलं. डाव्या बाजूला या वेळी मराठी नव्हतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकातला एक उतारा होता, त्याच्या वेड्यावाकड्या उर्दू अक्षरात. फारसी-अरबी शब्दांनी गच्च भरलेला. खाली मराठीत चार ओळी. ‘मुलांनो, हा पाठ मला आला नाही. तुम्हांला नानागुरुजी आहेत, मला इथं कुणी नाही. यात ते माझे गुरू. त्यांच्याकडून समजून घ्या आणि उजवीकडे मला लिहून पाठवा. परीक्षेत हे यायचं आहे.’

कुणालाही वाटेल, हे वाचून माझं मन विरघळलं असेल. तसं झालं नाही. मला राग आला. माझंच उर्दू, माझाच वर्ग, आणि तो मला हैदराबादेहून वाटून देणार? माझा मोठेपणासुद्धा त्याच्या पाकिटातून यावा? तो उतारा मी तिथंच उभ्या उभ्या वाचला. मला तो पूर्ण कळला. उजवी बाजू भरायला अर्धा तास पुरला असता. मी पान घडी करून माझ्या फारसी कोशात ठेवलं आणि कोश फळीवर ठेवला.

पोरं विचारत राहिली. मी म्हणालो, आलं नाही. मारुती एकदा म्हणाला, “ईसरले असतील आमाला.” मी त्याला ‘नाही’ म्हणालो नाही… पुढं तेरावा पाठ आला, चौदावा आला. बाराव्याचा कुठंच उल्लेख नव्हता. मग त्याचं इंटरचं निकालाचं कार्ड आलं. तर्कशास्त्रात नापास. आणखी एक वर्ष तिथं काढावं लागणार होतं. एका पानावाचून कुणी नापास होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आजपर्यंत सांगत आलो आहे.

सुटीत तो कळंबला आला. वाळला होता. ओट्यावर बसून चहा पिताना सहज म्हणाला, “बारावं पाकीट वाटंत हरवलं वाटतं रे, नाना.” मी म्हणालो, “लढाईचे दिवस. डाकेचा काय भरवसा.” “व्हय,” तो म्हणाला, आणि उघड्या दारातून आत, माझ्या फळीवरच्या पुस्तकांकडं बघत राहिला. मग म्हणाला, “तुझा कोश लई मोठा हाय गड्या. कवातरी बघाया दे.” मी दिला नाही. त्यानं परत मागितला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तो पास होऊन आला. काही वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, आणि माझं उर्दू एका रात्रीत जुन्या नाण्यासारखं झालं. मराठीत विज्ञान शिकवायला पुस्तकं नव्हती, तेव्हा त्याचे ते अर्ध्या पानांचे पाठ तीन तालुक्यांतल्या शाळांनी उतरवून घेतले. तो हेडमास्तर झाला. त्याच्या निरोपाच्या समारंभात मारुती, आता इंजिनिअर, पायांवर डोकं ठेवून रडला. मी दुसऱ्या रांगेत होतो. मलाही हार घातला गेला. सिद्रामप्पानं भाषणात म्हटलं, “पाठ माझे, पर पोचवले नानानं.” टाळ्या झाल्या. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर टोमण्याची एक रेघसुद्धा नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

कार्ड आल्यावर दोन आठवड्यांनी मी तामलवाडीला गेलो. त्याची बायको, पार्वतीवहिनी, आत जाऊन कापडात बांधलेलं एक बाड घेऊन आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, ह्ये तुमाला द्याया सांगितलं हुतं. नानालाच दे म्हनले, दुसऱ्या कुनाला न्हाय.” त्यांना आत काय आहे ते माहीत नव्हतं. मी घरी येऊन सोडलं. सगळे पाठ नंबरानं लावलेले. डावीकडं त्याचं अक्षर, उजवीकडं पोरांची. मारुतीचं ते ‘उणेचं अधिक’ही होतं. अकरावा काढला, आणि खाली तेरावा नव्हता. तिथं एक कोरं पान होतं, तसंच उभं दुमडलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. वर शाईनं लिहिलं होतं, ‘बारावा. नानाकडे आहे.’

शाई जुनी होती. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. ओट्यावर चहा पीत माझ्या फळीकडं बघत होता तेव्हाही ठाऊक होतं, भाषण केलं तेव्हाही. आणि इतकी वर्षं त्यानं माझ्यासाठी जागा राखून ठेवली. मी रडलो. पण त्यात जुनं तेही होतंच. माझ्या जागी तो असता तर त्यानं ते पान दाबलं नसतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मी सगळ्या शाळेला सांगितलं असतं. या एवढ्या गोष्टीचाही मला हेवा वाटला.

कोश काढला. बारावा पाठ घडी घातली होती तसाच आत होता. तो मी आता टेबलावर उलगडून ठेवला आहे, त्याच्या कोऱ्या पानाशेजारी. आठ दिवस झाले, रोज सकाळी बसतो. डावीकडचं वाचतो आणि उजवीकडं लिहायला लागतो. तीन ओळी झाल्या आहेत. चौथ्या ओळीत एक शब्द अडला आहे. कोश हाताशी आहे, पण मी तो उघडलेला नाही. तेव्हा हा शब्द मला येत होता.