वळणावरची ज्वारी

ज्वारी बोटभर उगवली आणि तिथेच थांबली. पोंग्यातली कोवळी पानं पिवळी, शिरा जांभळट. एक रोप उपटून पाहिलं तर मुळं आखूड, थोटी. बायको म्हणाली, "खोडमाशी असेल." पण कीड अशी आखून घेतल्यासारखी येत नाही. हे पिवळेपण फक्त बांधालगतच्या पट्ट्यात आहे. मधल्या रानात ज्वारी हिरवीगार.

मी बांधावरून त्या पट्ट्याच्या कडेनं चालत गेलो, तेव्हा आठवलं. पावसाळ्यात इथं सोयाबीन होतं. पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारताना तासाच्या टोकाला, बांधाशी पोचलो की मी वळायचो, आणि पाठ इतकी भरून आलेली असायची की वळताना पंपाचा खटका बंद करायचाही कंटाळा करायचो. तेवढ्या जागेत ते दुप्पट पडलं. सोयाबीन निघालं, मी विसरून गेलो; जमिनीत ते राहिलं. हल्ली माझा थकवा मला असा पुढच्या हंगामात भेटतो.

बायको रोपाला हलकेच बोट लावत म्हणाली, "यावर काही औषध मारायचं का?"

आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात.

"मारलंय," मी म्हणालो.