धोंडिबाच्या दोन घटका

भवानी पेठेतल्या छापखान्यातून समुद्रसफरीच्या वेळापत्रकाच्या प्रती आल्या, त्या सकाळी माझ्याइतका समाधानी कारकून सोलापुरात दुसरा नसेल. सात दिवस, सात मुक्काम, शिडाचा मचवा, आणि प्रत्येक बेटावर उतरण्याची वेळ सकाळी दहा. खांदेरी, दहा. जंजिरा, दहा. परतताना शेवटच्या दिवशी घारापुरी, तेही दहाच. रेल्वेचे टाइमटेबल याहून नीटनेटके नसते.

आमच्या गिरणीच्या जुन्या नोकरांत आजही सांगितले जाते की, या सफरीतली घोडचूक स्टोअरकीपर जोगळेकर यांनी पकडली. जोगळेकर कोकणातले, तेव्हा समुद्र त्यांनाच कळणार, असा लोकांचा तर्क. काहीजण ते श्रेय आमच्या मॅनेजरसाहेबांना देतात. दोन्ही हकिगती खोट्या आहेत. टाइमटेबल माझे होते, त्यामुळे खरे काय ते सांगण्याचा अधिकारही माझा आहे.

नाताळच्या सुट्टीत मुंबईचे डायरेक्टर सहकुटुंब येणार होते. त्यांना मचव्यातून बेटे दाखवावीत, ही साहेबांची कल्पना. हेडक्लार्कची जागा तेव्हा रिकामी होती. साहेब इंग्रजीत म्हणाले, "हा प्रोग्रॅम बिनचूक पार पडला, तर ती खुर्ची तुझी." मी समुद्र पाहिलेला नव्हता. होटगीच्या तळ्यापलीकडे माझी जलयात्रा गेली नव्हती. पण पत्रव्यवहारात मला हरवणारा त्या ऑफिसात कोणी नव्हता.

बेटावर उतरायचे तर भरती हवी. भरती म्हणजे पाणी किनाऱ्याकडे चढण्याची वेळ. ओहोटीला पाणी मागे हटते, मचवा लांब उभा राहतो आणि माणसाला चिखल तुडवत जावे लागते. एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी मचवा पुरवणाऱ्या बंदरावरच्या एजंटाला पत्राने विचारले, "निघण्याच्या दिवशी भरती किती वाजता?" उत्तर आले, "सकाळी दहा." मी सातही दिवसांपुढे दहा लिहिले. सोलापूरच्या माणसाला पाणी वेळेवर येण्याचे कौतुक असते. ते उद्या वेळ बदलेल, हे सुचत नाही.

जोगळेकरांनी कच्चा मसुदा पाहिला होता, हे मुद्दाम नमूद करतो. "छान! अक्षर सुरेख," एवढाच त्यांचा अभिप्राय.

प्रती आल्यावर मी त्यातली एक ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवली. गठ्ठा घेऊन आलेला शिपाई धोंडिबा दाराशी ऐकत उभा होता. तो मंद्रूपकडचा, मेंढपाळाच्या घरातला. पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला.

"रोज धाच्या धाला व्हय, भाऊसाहेब?"

"हो. का?"

"आन् पाणी?"

"पाण्याचे काय?"

"ते कुटं थांबतंय तुमच्यासाटी? चांद रोज दोन घटका उशिरा उगिवतोय. मेंढरं राखून राखून पाठ झालंय ते. बसऱ्याच्या नदीला समिंदराचं पाणी चढायचं, ते बी तसंच, रोज दोन घटका मागं. सायेब लोकांच्या बोटी वाट बगत बसायच्या की!"

"बसरा तिकडे, धोंडिबा. हा आपला समुद्र आहे."

"चांद तर एकच हाय न्हवं?"

जोगळेकर खो खो हसले. "ऐका! मंद्रूपचा तांडेल बोलतोय!" तांडेल म्हणजे मचव्याचा कप्तान. मीही हसलो. ते लपवत नाही.

पण हसून झाल्यावर मी हिशेब केला. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. सातव्या दिवसापर्यंत सहा वेळा अठ्ठेचाळीस. घारापुरीची भरती दुपारी पावणेतीनच्या सुमारास जात होती. दहा वाजता तिथे डायरेक्टर आणि त्यांच्या मडमा घोटाभर चिखलात उतरल्या असत्या. मी एजंटाला जवाबी तार केली; सातव्या दिवसाची भरती विचारली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "दुपारी पावणेतीन."

ती तार घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो. मीच चूक शोधली असे म्हणालो असतो, तर खुर्ची पक्की होती. मी तसे म्हणालो नाही.

"सर, टेबल चुकले आहे."

"कोणी काढले?"

"मी."

"आणि चूक कोणी पकडली? जोगळेकरने?"

"शिपाई धोंडिबाने."

साहेबांनी त्याला आत बोलावले. धोंडिबाने पेपरवेट चंद्र म्हणून धरला, दौत पृथ्वी केली आणि आपल्या बोलीत सारे समजावले. मी दुभाषी होतो. साहेब उठून उभे राहिले. शिपायासमोर साहेब उभे राहिल्याचे त्या इमारतीत त्याआधी कोणी पाहिले नव्हते. "तू बोटीवर चल," ते म्हणाले. "तांडेलाशेजारी बस."

"नगं सायेब," धोंडिबा म्हणाला. "बोटीत लई वकलोय मी. बसरा एकदाच पुरं झालं."

छापलेल्या प्रती रद्द झाल्या. नवे टेबल मी रात्रीपूर्वी पूर्ण केले. रोज अठ्ठेचाळीस मिनिटे पुढे. एजंटाच्या तांडेलाने ते पाहून एकाही आकड्याला हात लावला नाही. सफर झाली. सातव्या दिवशी मंडळी घारापुरीला कोरड्या बुटांनी उतरली, असे डायरेक्टरांनी साहेबांना लिहून कळवले.

हेडक्लार्कची खुर्ची जोगळेकरांना मिळाली. साहेब मला म्हणाले, "तू खरे बोललास, याचा मला आदर आहे. पण एका दिवसाचे उत्तर तू सात दिवसांना लावलेस." त्यानंतर मी कोणतीही चौकशी केली, तर पहिल्या दिवसाबरोबर शेवटच्या दिवसाचीही करत आलो.

तेव्हा पुन्हा कोणी ही हकिगत सांगेल, तर एवढे ध्यानात ठेवावे. टेबल माझे. चूक माझी. दुरुस्ती मंद्रूपच्या धोंडिबाची, जो चंद्र मेंढरांमागे शिकला आणि समुद्र परमुलखात. जोगळेकरांनी माझ्या अक्षराची स्तुती केली होती. तेवढे श्रेय मी त्यांना आनंदाने देतो.