सगळ्यांची डॉक्टर बाई

सुनंदा गेली ही बातमी मला देवरावभाऊंनी सांगितली. देवरावभाऊ आमच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात, मी त्याच खाणीच्या कार्मिक विभागात अधिकारी, आणि सुनंदा खाणीच्या दवाखान्याची डॉक्टर... माझी शाळेपासूनची मैत्रीण. नागपूरच्या इस्पितळातून तिच्या भावाने खाणीत कुणाला तरी फोन केला, तिथून निरोप देवरावभाऊंपर्यंत गेला, आणि ते हेल्मेट हातात धरून माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "डॉक्टर बाई गेल्या, मॅडम," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पण खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते वेगळंच. हे यांना माझ्या आधी कसं कळलं?

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सगळीकडे तिच्याबद्दल चांगलं बोललं जातंय आणि ते सगळं खरं आहे. मी मात्र तिच्यावर आयुष्यभर जळत आले, आणि तिच्यावर जीव लावणाऱ्यांवर त्याहून जास्त. ते गाळून तिच्याबद्दल लिहायला बसले, तर माझ्या हातून दुसऱ्याच कुणाबद्दल लिहून होईल.

आम्ही दोघी आरमोरीच्या. दोघींच्या घरी धानाची शेती, शाळेत एकच बाक. ती घरी आली की माझी आई हातातलं काम बाजूला ठेवायची आणि गुडघेदुखीपासून जावेच्या टोमण्यांपर्यंत सगळं तिला सांगत बसायची. मला त्यातलं काहीच माहीत नसायचं. हिवाळ्यात वडशाला नाटक पाहायला गेलो, तरी पडदा उघडायच्या आत सुनंदाला शेजारच्या अनोळखी बाईच्या लेकीचं बाळंतपण कुठे झालं ते कळलेलं असायचं. मी दुसऱ्या बाजूला बसून वाट पाहायची, ही माझ्याकडे कधी वळेल याची. पुढे ती डॉक्टर झाली, मी समाजकार्याची पदवी घेतली, आणि फिरून फिरून दोघी एकाच खाणीत आलो. मला वाटलं, आता ती पुन्हा माझ्या बाकावर आली.

माझं काम गैरहजेरीचं. कोण वारंवार आजारपणाची रजा घेतो, कोणाला समज द्यायची, कोणाची चौकशी लावायची, ते मी बघते. देवरावभाऊ तेव्हा माझ्या यादीत वरच्या बाजूला होते. कंबर धरली की आठवडा आठवडा यायचे नाहीत. वरून दबाव होता. मी दवाखान्यात जाऊन सुनंदाला म्हटलं, "तो फिट आहे का अनफिट, तेवढं लिहून दे. मले हा विषय संपवायचा आहे."

"अनफिट लिहिलं तर तू त्याले कायमचा घरी बसवशील," ती म्हणाली. "आन् फिट लिहिलं तर तो उद्या त्याच सीटवर बसंल. मी दोन्ही लिहीत नाई."

मी चिडून परत आले. ती मात्र दुसऱ्या दिवशी भर उन्हात डंपरच्या केबिनमध्ये देवरावभाऊंच्या बाजूला जाऊन बसली आणि अख्खी शिफ्ट त्या खड्ड्यांतून फिरली. संध्याकाळी तिला स्वतःला पाठ टेकवत नव्हती. सीटची स्प्रिंग मेलेली होती. रस्त्याचा प्रत्येक हादरा सरळ मणक्यात जात होता. तिने भांडून सीट बदलून घेतली. देवरावभाऊंना काही दिवस वजनकाट्यावरच्या बैठ्या कामाला लावलं, मग अर्धी शिफ्ट डंपर, मग पूर्ण. त्यांची गैरहजेरी थांबली. बैठकीत साहेबांनी तिचं कौतुक केलं आणि कार्मिक विभागाने यातून शिकावं असंही म्हणाले. मी हसून मान डोलावली. आतून पेटले होते... ते काम माझं होतं म्हणून नव्हे. केबिनमध्ये बसायला जाताना तिने मला 'चल' का म्हटलं नाही, म्हणून.

लांब रजेवर असलेल्यांच्या घरीही ती जायची. मीही जायची. मी गेले की घरातले उठून उभे राहायचे, खुर्ची पुसायचे आणि विचारलं तेवढंच सांगायचे. ती गेली की चुलीपाशी बसायची. तिने काही विचारायच्या आतच माणसं बोलायला लागायची.

मग मीच आजारी पडले. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, जखम भरली, पण ऑफिसला जायचं म्हटलं की मी पुन्हा अंथरुणात शिरायची. माझी रजा वाढत गेली. सुनंदा रोज ड्युटीवरून येताना माझ्याकडे डोकावायची, चहा प्यायची, इकडचं तिकडचं बोलायची. एके दिवशी कप खाली ठेवत तिने हळूच विचारलं, "ललिता, कामाची आठवण येते का भीती वाटते?" मी एवढी रडले की काही विचारू नका. घरच्यांपैकी कुणालाही जे दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं होतं. तिने साहेबांशी बोलून मला काही दिवस फक्त सकाळचं काम दिलं, चौकश्या दुसऱ्याकडे सोपवल्या, आणि मी हळूहळू माणसात आले. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. शाळेपासूनची मैत्रीण असल्याशिवाय असं कोण विचारणार?

महिनाभराने कँटीनमध्ये माझ्या मागच्या टेबलावर देवरावभाऊ एका रजेवरून आलेल्या माणसाला सांगत होते, "बाईनं मले इचारलं, कामाची आठवण येते का भीती वाटते? तवा मी पयल्यांदा खरं बोललो." तो माणूस म्हणाला, "मलेही तसंच इचारलं होतं." मी ताट तसंच सोडून उठले.

संध्याकाळी मी तडक तिच्या क्वार्टरवर गेले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मी पण तुह्यासाठी एक पेशंटच का?"

तिला राग आला नाही. ती म्हणाली, "माह्यापाशी तेवढेच शब्द आहेत वं. तुह्यासाठी येगळे कुठून आणू?"

मी आल्या पावली परत फिरले.

तिच्या पोटातला कर्करोग उशिरा कळला. ती रजेवर गेली आणि माझ्या यादीत तिचं नाव आलं. नियमाप्रमाणे तिची विचारपूस करणं माझं काम झालं. आता ती माझ्या वाट्याला येईल असं वाटलं, तर कसचं काय. कधीही जा, घर भरलेलं. कोणी नदीचे मासे आणलेले, कोणी रानभाजी, कोणी देवाचा अंगारा. ती उशीला टेकून सगळ्यांशी बोलायची, त्यांच्याच तब्येती विचारायची. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, नाटकाच्या मंडपात बसायची तशी. एका दुपारी तिने सगळ्यांना उठवलं. "आता मले ललितासंग बसू द्या," म्हणाली. दार लागलं. मी स्टूल जवळ ओढलं. आता ती काहीतरी बोलेल, फक्त मला सांगायचं असं काहीतरी... तिने माझा हात धरला, डोळे मिटले आणि झोपून गेली. उन्हं कलेपर्यंत मी हलले नाही. नंतर तिचा भाऊ म्हणाला, "दुसऱ्या कोणासमोर ताई डोळे मिटत नाई. कितीही दुखू द्या, बोलतच राह्यते." मला दिलासा मिळावा म्हणूनच तो सांगत होता, आणि मिळालाही. पण खोटं कशाला बोलू, तो पुरला नाही. मला शब्द हवे होते.

आरमोरीला तिला निरोप द्यायला खाणीतून गाड्या भरभरून माणसं आली. त्या गर्दीत मी मागेच राहिले. पुढे जाऊ द्या, मी तिची मैत्रीण आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, तर बाजूची बाई माझ्याही आधी तेच म्हणत होती.

मागच्या आठवड्यात ऑफिसातून घरी येत होते. वाटेतच तिचं बंद क्वार्टर लागतं. तिच्या पायरीवर एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तिच्याकडे येणारे असेच हाक न मारता पायरीवर बसून राहायचे. जवळ गेल्यावर ओळख पटली. खाणीत कोळसा वाहणाऱ्या बेल्टमध्ये पाय सापडून जायबंदी झालेला काशिनाथ. वडशाच्या पलीकडे जंगलातल्या त्याच्या गावात धड नेटवर्क नाही. गावातून निघून तो थेट इथेच आला होता.

"बाई आल्या नाई का अजून ड्युटीवरून?" त्याने विचारलं.

मी काही सांगायच्या आत तोच पुढे सांगत राहिला. बाई म्हणतात, काठी सोडून चालून दाखव, मग हलक्या कामावर घेऊ. बाईले दाखवाले आलो. बाई खूश होतील, नाई का? तो उठला, काठी भिंतीला टेकवली आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. थोडा लंगडत होता, पण चेहरा फुलला होता. त्याच्यासाठी सुनंदा दवाखान्यातून निघालेली होती, आत्ता फाटकातून आत येणार होती, त्याला नावाने हाक मारणार होती. एवढ्या वर्षांत मला कुणाचाच इतका हेवा वाटला नव्हता.

मी पर्स बाजूला ठेवली आणि तिच्या पायरीवर बसले. सांगायचं तर होतंच, आणि ते मलाच सांगायचं होतं.

"काशिनाथभाऊ," मी म्हटलं, "पुन्हा एकदा चालून दाखवा."